सरावाचा मुद्दा

मी नाही म्हणणारा माणूस आहे. हा माझा मूळ स्वभाव की नोकरीचा परिणाम, यावर आमच्या घरात सव्वीस वर्षं वाद चालू आहे. मी परराष्ट्र खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून आहे. रेकॉर्ड रूमचं काम म्हणजे फायली देणं, असं बाहेरच्यांना वाटतं. साफ चूक. मागेल त्याला फायली देत सुटलं तर रेकॉर्ड उरणार नाही, नुसती रूम उरेल. म्हणून कुणी आला की आधी त्याला चिठ्ठी आणायला सांगायची. चिठ्ठी आणली की सहीखाली तारीख नाही हे दाखवायचं. तारीख घालून येईपर्यंत जेवणाची सुट्टी होते. एवढं होऊनही जो परत येतो, त्यालाच खरी गरज असते. बाकीचे हौशी.

आमचे मंत्री बरोबर उलटे. त्यांना नाही म्हणताच येत नाही. माणूस मनाने इतका मऊ, की समोरच्याचं तोंड जरा उतरलं की हे विरघळलेच. एकदा एका देशाचे राजदूत निरोप घ्यायला आले होते. जाता जाता कॉरिडॉरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून ते सहज म्हणाले, "छान आहे हो." ते घड्याळ आता त्यांच्या देशात आहे आणि आमच्या भिंतीवर खिळा आहे. दुसऱ्या एका वेळी फोटोग्राफर "साहेब, अजून एक" म्हणत राहिला म्हणून मंत्री विमानाच्या जिन्यावर पाऊण तास हात हलवत उभे होते. आत बसलेले प्रवासी त्यांना काय काय म्हणत होते ते मी लिहीत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या एका सहकाऱ्याने तब्येतीचं कारण सांगून राजीनामा दिला आणि देशांतर्गत खातंही यांच्याच गळ्यात पडलं. पंतप्रधानांनी विचारलं होतं, त्यामुळे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावर मंत्र्यांच्या दोन खोल्या आहेत. डावीकडची परराष्ट्राची. तिथे गालिचा, दोन सोफे आणि झाकण ठेवलेले पाण्याचे ग्लास. उजवीकडची देशांतर्गत. तिथे फरशी, लोखंडी रॅक आणि एक टेबल. डावीकडे माणसं येतात, उजवीकडे कागद येतात. आणि खरी गंमत इथेच आहे. डावीकडे घड्याळं वाटणारा हाच माणूस उजवीकडच्या खुर्चीत बसला की त्याच्याइतका कठोर माणूस शोधून सापडणार नाही. कागदाला तोंड नसतं, त्यामुळे ते उतरतही नाही. एका दुपारी संत्रं सोलता सोलता त्यांनी एका सहीत देशातली दोनशे बारा छोटी पोस्टं बंद केली. त्या कागदाचं नाव होतं 'टपाल सुसूत्रीकरण'.

त्या यादीत एकशे अठराव्या नंबरावर कातडी कारखान्याच्या कोपऱ्यावरचं पोस्ट होतं. एक खिडकी, एक वजनकाटा, पेन्शनवाल्यांसाठी एक बाक. तिथली पोस्टमास्तर माझी बायको आहे.

बदलीचा कागद सोमवारी आला. ती नेहमीसारखी साडेपाचला घरी आली, चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "माझी बदली झालीये."

"कुठे?"

"बंदराच्या गावी. पत्रं वेगळी करायच्या हॉलमध्ये. एक तारखेला हजर व्हायचंय."

बंदराचं गाव आमच्यापासून गाडीने नऊ तासांवर. मुलगी नोकरीसाठी केव्हाच परगावी गेलेली. म्हणजे घरात उरलो मी. मला खरं सांगायचं तर भीती वाटली. साडेपाच वाजतील आणि दाराशी चपलेचा आवाज येणार नाही. आपण सरकारला शिव्या घालू आणि "पुरे करा, तुम्हीच सरकार आहात" असं म्हणायला कुणी नसेल. 'जाऊ नकोस' हे दोन शब्द माझ्या अगदी घशापर्यंत आले होते.

मी म्हणालो, "सकाळच्या गाडीला खिडकी मिळते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली. ती भांडी घासलेलीच होती.

त्यानंतर आठ दिवस आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं होतं. मी अर्जही केला. पोस्टमास्तरचा नवरा म्हणून नव्हे, नागरिक म्हणून, रीतसर, सहीखाली तारीख घालून. तो उजवीकडच्या खोलीत लोखंडी रॅकवर गेला आणि तिथेच झोपला. मी दोनदा विचारायला गेलो तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने मला चिठ्ठी आणायला सांगितलं. काम चोख होतं. मला त्यात एकही फट काढता आली नाही.

याच सुमारास शेजारच्या देशाचे अध्यक्ष येणार असं ठरलं. दोन देशांत दोन भांडणं होती. पहिलं, नदीतल्या बेटाचं. हे बेट वर्षातले सहा महिने पाण्याखाली असतं आणि दर वेळी वर येतं ते जरा सरकून. ते कुणाचं, हा प्रश्न एकूण सात मंत्र्यांनी हाताळला आणि सातही निवृत्त झाले. दुसरं भांडण पुलावरच्या फाटकाचं. फाटकाला कुलूप आहे, त्याची किल्ली एक आहे आणि ती कोणत्या काठावर राहावी यावर सव्वीस वर्षं पत्रव्यवहार चालू होता. तो सगळा माझ्याकडे आहे. चार कपाटं भरली आहेत.

आता आमचे मंत्री या चर्चेला बसणार म्हटल्यावर अख्ख्या खात्याचं धाबं दणाणलं. अध्यक्षांनी नुसता सुस्कारा सोडला तरी बेट गेलं, किल्ली गेली आणि वर एखादा जिल्हाही जायचा. म्हणून राजशिष्टाचार विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे माघारी शिष्टाचारबाई म्हणतात, त्यांनी तालमी घ्यायचं ठरवलं. कुणीतरी अध्यक्ष व्हायचं, मंत्र्यांसमोर बसायचं आणि त्यांना नाही म्हणायला शिकवायचं.

बाई स्वतः तळघरात रेकॉर्ड रूमपर्यंत आल्या. म्हणाल्या, "गेल्या बावीस वर्षांत मी तुमच्याकडे सात वेळा फाईल मागितली. दोन मिळाल्या."

"चिठ्ठी नसेल तर मी..."

"तुम्हीच अध्यक्ष. उद्या अकराला वर या. कोट घालून."

तालमीचे नियम बाईंनी टाइप करून भिंतीवर लावले होते. पहिला नियम असा, की दारातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत अध्यक्ष हे अध्यक्षच. त्यांना कुणी कारकून म्हणायचं नाही, अरेतुरे करायचं नाही, चहा आधी त्यांना. माझे सेक्शन ऑफिसर, जे मला वर्षानुवर्षं नुसत्या भुवईने बोलावत आले, त्यांच्याकडे माझ्या परराष्ट्र सचिवाचं काम आलं. म्हणजे माझी खुर्ची ओढायची आणि मी बसलो की मागे उभं राहायचं. पहिल्या दिवशी त्यांनी ती खुर्ची अशी ओढली, जणू दाढच उपटून काढत होते. मी सावकाश बसलो. घाई करणं अध्यक्षांना शोभत नाही.

पहिली तालीम चार मिनिटं चालली.

"मंत्रिमहोदय," मी म्हणालो, "बेट आमचं आहे."

"नाही, ते आमचं आहे," मंत्री कागदात बघून म्हणाले.

मी फाईल मागायला आलेल्याकडे बघतो तसं नुसतं बघितलं. मंत्र्यांनी कागद खाली ठेवला, ग्लासवरचं झाकण काढलं, परत ठेवलं आणि म्हणाले, "अगदीच हवंय का तुम्हाला?"

"हो."

"मग घ्या बाबा. आणि किल्लीचं काय करू? पाठवून देऊ का?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. कोपऱ्यातल्या लघुलेखकाने निष्ठेने सगळं उतरवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेटाबरोबर होडीही दिली. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना डोळे झाकून नाही म्हणायला लावलं, ते जमलं. चौथ्या दिवशी एकच डोळा झाकून. पाचव्या दिवशी दोन्ही डोळे उघडे ठेवून मंत्री माझ्या तोंडाकडे बघत "शक्य नाही" म्हणाले आणि मग लगेच उठून मला मिठी मारून माफी मागायला लागले. बाईंनी त्यांना खांद्याला धरून परत बसवलं. हा माणूस मला, काय सांगू, आवडायलाच लागला होता. आणि एकशे अठरा आठवलं की त्याचा गळा दाबावासाही वाटायचा.

सहाव्या दिवशी बाई म्हणाल्या, "नकार आता बसलाय. पण नुसता नकार दिला तर चर्चा फिसकटेल. साहेब, आपण असं करू. दोन नकार, मग एक होकार. बेट, शक्य नाही. किल्ली, शक्य नाही. मग तिसऱ्या मुद्द्याला मोठ्या मनाने हो म्हणायचं."

"तिसरा मुद्दा आहे कुठे?" मंत्र्यांनी विचारलं.

"त्या दिवशी काहीतरी निघेलच. आत्ता सरावापुरता अध्यक्ष ठरवतील." बाई माझ्याकडे वळल्या. "काहीही किरकोळ मागा. हो म्हटलं तरी देशाचं काही जाणार नाही असं."

मी कोटाची वरची गुंडी लावली. मी कारकून असतो तर माझ्या तोंडातून शब्द फुटला नसता. पण मी अध्यक्ष होतो, नियमच होता तसा.

"मंत्रिमहोदय," मी म्हणालो, "आपल्या राजधानीत कातडी कारखान्याच्या कोपऱ्यावर एक पोस्ट आहे. ते बंद करू नये अशी आमच्या देशाची मागणी आहे."

माझ्यामागे सेक्शन ऑफिसर खोकले. बाईंनी वहीत लिहिलं, 'पोस्ट. चालेल.'

मंत्र्यांना हा मुद्दा फारच आवडला. निदान याला तरी हो म्हणता येणार होतं. ते पुढे सरकून बसले. "जरूर! पण का बरं? म्हणजे, सरावासाठी विचारतो."

"कारण तिथे ज्या बाई काम करतात त्यांना नऊ तासांवर पाठवलं, तर इथे एक माणूस एकटा पडेल. तो कुणाला आवडत नाही. त्यालाही फारसं कुणी आवडत नाही. दिवसभर लोकांना नाही म्हणून तो घरी येतो, आणि साडेपाचला त्या बाई घरी येतात, आणि मग त्याचा दिवस सुरू होतो. त्या गेल्या तर त्याने भांडायचं कुणाशी?"

मंत्र्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही नाही," ते म्हणाले, "ते पोस्ट बंद होता कामा नये."

पुढचे आठ दिवस हे रोज झालं. बेट, शक्य नाही. किल्ली, शक्य नाही. पोस्ट, अवश्य. मंत्री दिवसेंदिवस रंगत गेले. माझं भाषण त्यांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ झालं. शेवटी शेवटी मी "तिसरा मुद्दा" एवढंच म्हणायचो आणि ते स्वतःच त्या माणसाची कहाणी सांगून स्वतःच रुमाल काढायचे. आणि तालीम संपली की रुमाल खिशात घालून मधल्या दाराने उजवीकडच्या खोलीत जाऊन सुसूत्रीकरणाच्या कागदांवर सह्या करायचे.

मी एकदा प्रयत्न केला. तालीम संपल्यावर कोट काढून हातावर घेतला आणि कॉरिडॉरमध्ये त्यांना गाठलं.

"साहेब, ते कातडी कारखान्याच्या कोपऱ्यावरचं पोस्ट..."

"झकास मुद्दा काढलात तुम्ही," मंत्री माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "अगदी खरा वाटतो."

"साहेब, ते खरंच आहे. तुमच्या यादीत आहे. एकशे अठरा."

त्यांचा चेहरा गोंधळला. "पण यादी देशांतर्गत आहे, हो ना? मग तुम्ही तिकडे अर्ज करा की. ते लोक चांगले आहेत." आणि घड्याळ बघायला म्हणून त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे नजर टाकली आणि निघून गेले. मी तिथेच कोट हातात घेऊन उभा राहिलो. अध्यक्ष म्हणून माझा शब्द खाली पडत नव्हता आणि माणूस म्हणून कुणी तो उचलत नव्हतं. चीड आली होती, पण कुणाची ते ठरेना. त्यात माझा स्वतःचाही नंबर होताच.

खरी चर्चा चोवीस तारखेला झाली. बेटाचा जुना नकाशा कुठल्या कपाटात आहे हे फक्त मला माहीत असल्यामुळे मला नकाशाची गुंडाळी घेऊन भिंतीला टेकून उभं राहायचा हुकूम होता. खरे अध्यक्ष आत आले आणि माझी निराशाच झाली. सडपातळ, वाकलेले, सर्दीने नाक लाल झालेलं, स्वभावाने अगदी गरीब. खुर्ची ओढणाऱ्यालासुद्धा त्यांनी थँक्यू म्हटलं.

अध्यक्ष बसले, शिंकले आणि दुभाष्यामार्फत म्हणाले, "गाडीत येताना मी विचार केला. ते बेट अर्धं वर्ष बुडालेलं असतं. आम्हाला त्याचा काय उपयोग? तुम्हीच ठेवा."

मंत्र्यांनी छाती भरून श्वास घेतला. "शक्य नाही!"

 शिष्टाचारबाईंच्या हातून पेन पडलं.

अध्यक्षांना वाटलं दुभाष्याची चूक झाली. ते हळू म्हणाले, "मी म्हणतोय, बेट तुम्ही घ्या."

"ऐकलं मी. शक्य नाही."

"बरं. मग निदान पुलाची किल्ली तरी तुमच्याकडे..."

"तेही शक्य नाही!" मंत्र्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. शाळेत कविता न चुकता म्हणून झाल्यावर पोरं बाईंकडे बघतात, तसं त्यांनी भिंतीजवळ उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. मी नकाशामागे तोंड लपवलं.

समोरच्या शिष्टमंडळात कुजबुज सुरू झाली. फुकट दिलेलं बेट कुणी नाकारतं, म्हणजे यात काहीतरी खोल डाव असणार. अध्यक्षांचं तोंड पडलं. आणि तोंड पडलेलं दिसताच आमच्या मंत्र्यांना आतून कळ आली, ती मला दहा फुटांवरून दिसली. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "पण चर्चा फिसकटू द्यायची नाही. तिसऱ्या मुद्द्याला आमचा पूर्ण होकार आहे."

अध्यक्षांनी आपले कागद उलटसुलट करून बघितले. त्यात दोनच मुद्दे होते. "तिसरा कोणता?"

"कातडी कारखान्याच्या कोपऱ्यावरचं पोस्ट आम्ही बंद करणार नाही."

दुभाष्याने मंत्र्यांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि भाषांतर करून टाकलं. त्यांच्या बाजूचा एक टकला सल्लागार ताडकन पुढे झुकला. "त्या पोस्टात नेमकं आहे काय?"

"एक खिडकी," मंत्री म्हणाले, "एक वजनकाटा आणि एक बाक."

सल्लागाराने 'बाक' लिहून खाली दोनदा रेघ ओढली.

"आणि हे तुम्ही आम्हाला का सांगताय?" अध्यक्षांनी नाक पुसत विचारलं.

मग मंत्र्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं. तो माणूस कुणाला आवडत नाही, इथपासून सुरुवात केली. दिवसभर नाही म्हणून तो घरी कसा येतो, साडेपाचला त्याचा दिवस कसा सुरू होतो, बाई नऊ तासांवर गेल्या तर तो भांडणार कुणाशी. दोन देशांचे मिळून बावीस अधिकारी बसले होते आणि त्यांच्यासमोर माझं घर मांडलं जात होतं. माझे कान असे तापले की नकाशा पेटेल असं वाटलं. दुभाष्या शेवटच्या वाक्यावर अडखळला. अध्यक्षांनी रुमाल काढला आणि बराच वेळ तोंडाला धरला. सर्दी होती की आणखी काही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचं शिष्टमंडळ अर्धा तास शेजारच्या खोलीत जाऊन आलं. परत आल्यावर टकल्या सल्लागाराने जाहीर केलं की पोस्टाचा मुद्दा त्यांना मान्य आहे, मात्र फसवणूक टाळण्यासाठी दोन अटी आहेत. पोस्टमास्तर आत्ता आहेत त्याच राहतील. आणि त्यांच्या वकिलातीचा माणूस दर गुरुवारी येऊन एक तिकीट विकत घेईल, म्हणजे पोस्ट चालू असल्याची खात्री पटेल. आमचे मंत्री "अवश्य, अवश्य" म्हणत राहिले. त्या आनंदाच्या भरात बाकीचे मुद्देही सुटून गेले. बेट ज्या काठाजवळ वर येईल, त्या वर्षी त्या काठाचं. आणि कुलपाची दुसरी किल्ली करून घ्यायची. सव्वीस वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. माझी चार कपाटं एका झटक्यात निकामी झाली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत मंत्र्यांचा फोटो होता. परराष्ट्र धोरण आणि देशांतर्गत धोरण यांचा असा मेळ आजवर कुणी घातला नव्हता, असं अग्रलेखात आलं. मोठे राजकारणी सीमेवर बोलताना गल्लीतल्या माणसाला विसरतात, पण हे विसरले नाहीत, वगैरे. मंत्र्यांनी मुलाखतीत सांगितलं की हे त्यांच्या डोक्यात बरेच दिवस घोळत होतं. ते खोटं म्हणता येणार नाही. उजवीकडच्या खोलीतला अधिकारी मात्र डोकं धरून बसला होता, कारण आता यादी दोनशे अकराची झाली होती आणि एकशे एकोणिसापासून पुढचे सगळे नंबर बदलायचे होते. त्या दोनशे अकरांमध्येही कुणी ना कुणी साडेपाचला घरी येत असणारच. त्यांच्याकरता दोनशे अकरा अध्यक्ष कुठून आणायचे, हे मला आजही सुचलेलं नाही.

संयुक्त निवेदन सगळ्या पेपरांनी जसंच्या तसं छापलं होतं. कलम तीनमध्ये पोस्ट होतं आणि त्याखाली लघुलेखकाने निष्ठेने उतरवून घेतलेलं कारणही होतं. अख्खंच्या अख्खं.

त्या संध्याकाळी मी लवकर घरी आलो. खुर्चीत बसलो, उठलो, परत बसलो. साडेपाचला ती आली. चप्पल काढली, हातातला पेपर टेबलावर ठेवला.

"बाकावरच्या आजोबांनी मोठ्याने वाचून दाखवलं," ती म्हणाली. "खिडकीसमोर चौदा माणसं होती. वाचून झाल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले."

मी पेपर उलटा करून ठेवला.

"कुणाला आवडत नाही तो माणूस?"

"ते अध्यक्षांचं म्हणणं आहे. शेजारच्या देशाच्या."

"त्यांना माझी घरी यायची वेळ कशी ठाऊक?"

"हेर असतात त्यांचे."

ती हसली नाही. समोरची खुर्ची ओढून बसली. "मंत्र्यांना सांगितलंत. दुभाष्याला सांगितलंत. परक्या देशाच्या अध्यक्षाला सांगितलंत. आज सकाळी अख्ख्या देशाला सांगून झालं. मला कधी सांगणार आहात?"

"आता सगळं ठरलंय की. कलम तीन..."

"कलम तीन राहू द्या. तुम्ही सांगा. कोट न घालता."

खरंच सांगतो, अध्यक्ष होणं सोपं असतं. मागे खुर्ची ओढणारा असतो, समोर रुमाल काढणारा असतो. इथे टेबलावर पेपर होता आणि ती होती. मी पाणी प्यायलो. घसा साफ केला. खिडकी उघडली, बंद केली. ती बसून होती. तिसऱ्यांदा येऊनही न हलणारी माणसं मी नोकरीत पाहिली आहेत, तशी.

"जाऊ नकोस," मी म्हणालो.

"अं?"

"जाऊ नकोस ना गं. मला नाही जमणार."

ती थोडा वेळ टेबलावरच्या पेपराची घडी घालत बसली. मग उठून आत गेली. मी मागोमाग गेलो तेव्हा तिने पलंगाखालून मोठी बॅग ओढून काढली होती. मला वाटलं रिकामी असेल. ती गच्च भरलेली होती, साड्या, स्वेटर, डबे, सगळं नीट रचून. करार झाल्याचं तिला सकाळपासून माहीत होतं. बॅग तिने आत्ता उघडली आणि वरची साडी परत कपाटात ठेवली.